मनगटावरची दोरी

फार फार मागे, ज्या काळाची आठवण आता कुणाजवळ उरलेली नाही, खाडीच्या काठी दोर वळणाऱ्यांचे एक गाव होते. लहानांनो आणि मोठ्यांनो, गाव वाईट नव्हते. माणसे नारळाची सोडणे, म्हणजे वरची जाड साले, खाडीच्या पाण्यात भिजत घालत, कुटून काथ्या काढत आणि त्याचे दोर वळत. हे काम एकट्याचे नसते. एकाने चाक फिरवायचे, दुसऱ्याने काथ्या लावत पाठमोरे मागे मागे जायचे. दोघांपैकी एकाचा हात जरी सैल पडला तरी पीळ बसत नाही.

गावात प्रभू येशूचे छोटे मंदिर होते. दर रविवारी सगळे मेजाभोवती जमत आणि मंदिराचे धर्मगुरू असलेल्या पाळकांच्या हातून प्रभूच्या स्मरणाची भाकर घेत. प्रभूने आपल्याला पापातून सोडवले आहे, असे सगळे म्हणत.

पण गावाची आणखी एक रीत होती, आणि लोकांचा तिच्यावर जास्त भरवसा होता. ज्याच्या चुकीने कुणाचा जीव जाई, त्याच्या मनगटाला मेलेल्याचे जवळचे माणूस काथ्याची दोरी बांधी. ज्याने बांधली त्यानेच ती सोडायची. तोवर त्या माणसाने मंदिराच्या उंबऱ्याबाहेर बसायचे. भाकर त्याला नाही.

गावात एक विधवा राहत होती. तिला एकच मुलगा, शिलास. सणाआधी गावची विहीर साफ करायला तो दोर धरून खाली उतरला, दोर तुटला आणि तो जिवानिशी गेला. तो दोर वळणारा माणूस तिच्या नवऱ्याचा जुना जोडीदार होता. सणाच्या घाईत त्याने मधल्या पदरात कुजका काथ्या घातला होता. कुणी विचारण्याआधी त्याने मंदिरात सगळ्यांसमोर ते सांगितले आणि तो रडला.

पाळक म्हणाले, "तू पश्चात्ताप केलास. प्रभूने तुला क्षमा केली आहे."

"प्रभूने केली असेल," विधवा म्हणाली. "मी केलेली नाही. हात पुढे कर."

त्याने हात पुढे केला.

वर्षे गेली. रविवारी तो उंबऱ्याबाहेर बसे आणि ती आत, पहिल्या रांगेत. आत जाताना ती त्याच्यापाशी थांबे, त्याच्या मनगटाकडे बघे आणि मगच पुढे जाई. बायका एकमेकींच्या कानाला लागत.

"आज तरी सोडेल वाटतं."

"ही? जाळ्यातला मासा सुटेल गं, पण हा नाही सुटायचा."

ते तिच्या कानावर येई, आणि तिला ते वाईट वाटत नसे. भाकर ती घेई, पण भाकरीला चव नसे. प्रार्थनेत, आम्हीही दुसऱ्यांना क्षमा करतो, असे म्हणायची वेळ आली की ती ओठ मिटून घेई.

म्हाताऱ्या पाळकांनी ते पाहिले होते. एकदा ते म्हणाले, "बाई, प्रभूच्या कबरेवरचा एवढा मोठा दगड बाजूला झाला. तुझ्याने एक दोरी सुटत नाही?"

"तो त्याच्या कबरेतून उठला, पाळकसाहेब," ती म्हणाली. "माझा नाही उठला."

पाळक आपल्या वाटेने निघून गेले.

एका उन्हाळ्यात तो माणूस खाटेला खिळला. त्याची बायको विधवेच्या दारी आली.

"आक्का, त्यांचं काही खरं नाही. एकदा मेजाशी बसून भाकर घ्यायची म्हणतात. आम्ही उचलून नेऊ. तुम्ही फक्त दोरी सोडा."

"माझ्या शिलासला शेवटी काय हवं होतं, ते कुणी विचारलं?"

"पाया पडते, आक्का."

"रविवारी बघू," विधवा म्हणाली आणि काथ्या कुटू लागली.

रविवार आला. उंबऱ्याबाहेर कुणी नव्हते. ती आत जाऊन बसली, पण तिला चैन पडेना. बघायला आज काही नव्हते, म्हणून तिने डोळे मिटले आणि मुलाला आठवू लागली. चेहरा येईना. भुवया कशा होत्या? हसताना गालाला खळी पडे, ती कुठल्या बाजूला? डोळ्यांपुढे येत होते ते फक्त एक मनगट आणि त्यावरची दोरी. इतकी वर्षे तिने जे पाहिले, तेवढेच तिच्यापाशी उरले होते.

प्रार्थना चालू असतानाच ती उठली आणि त्याच्या घराकडे चालू लागली.

तो खाटेवर पडला होता. बायको उशाशी बसली होती. विधवेने त्याचा हात हातात घेतला, गाठ चाचपली आणि ती थबकली. ती डावखुरी होती, तिचा पीळ उलटा पडे. हा पीळ सरळ होता.

"ही माझी दोरी नव्हे."

तो हसला, आणि हसताना त्याला खोकला आला. "तुमची पहिल्याच पावसाळ्यात झिजून गळाली, वहिनी. नंतर दरवर्षी मीच नवी वळून बांधली."

"मग आत का नाही आलास, मेल्या?"

"तुम्ही दारात थांबून बघायच्या. हात मोकळा दिसला असता तर तुम्ही काय बघितलं असतं?" त्याने दम घेतला. "आणि खरं सांगू? प्रभूने मला सोडलंय, यावर विश्वास ठेवणं जड जात होतं. दोर वळणं सोपं. ते मला येत होतं."

गाठ सुजलेल्या हातात रुतली होती. ती सुटेना, तेव्हा विधवेने कोयती मागितली आणि दोरी कापली.

"प्रभूने तुला त्याच दिवशी सोडलं होतं," ती म्हणाली. "मी आज सोडते. उशीर केला."

"आता भाकर," तो म्हणाला.

निरोप गेला. पाळक मंदिरातून भाकर घेऊन भर उन्हात धापा टाकत आले. ते दारात पोहोचले, तेव्हा तो गेला होता.

माती देऊन लोक वळू लागले, तशी त्याची बायको विधवेसमोर येऊन उभी राहिली. तिच्या हातात नवी दोरी होती.

"मी आले होते त्याच दिवशी सोडली असती, तर ते मेजाशी बसून गेले असते. उपाशी गेले ते, आक्का. हात पुढे करा."

ही काही रीत नव्हे, असे कुणीतरी पुटपुटले. विधवेने हात पुढे केला.

पुढच्या रविवारी लोकांना वाटले, आता ही उंबऱ्याबाहेर बसणार. त्याची बायको दारात थांबून तिच्या मनगटाकडे बघत होती. विधवा म्हणाली, "बघ, बाई. तुझा राग खोटा नाही. पण माझी सुटका तुझ्या हातात नाही, जशी त्याची माझ्या हातात नव्हती. मला हे आधी कळलं असतं, तर तो इतकी वर्षं आत बसला असता."

आणि दोरी बांधलेला हात तसाच घेऊन ती उंबरा ओलांडून मेजाशी गेली. काही जण रागाने उठून निघून गेले. पाळकांनी भाकर मोडून तिच्या तळहातावर ठेवली. किती वर्षांनी तिला त्या भाकरीची चव लागली. शिलासचा चेहरा मात्र तिला पुन्हा कधी पुरता आठवला नाही.

त्या माणसाची बायको, जिच्या हाताला काहीच बांधलेले नव्हते, ती त्या रविवारी दाराबाहेरच उभी राहिली, आणि त्यानंतरच्या कितीतरी रविवारी.

एवढेच लक्षात ठेवा: प्रभूने दिलेली सुटका माणसाच्या गाठीसाठी अडून राहत नाही, अडून राहतो तो माणूस, आणि तेवढ्यात त्याचे आयुष्य सरते.