मेजर सारंगचा पांढरा कोट

"...मग तुम्हीच सांगा बाबा, ज्याच्या पांढऱ्या कोटावर पस्तीस वर्षांत एक डाग पडला नाही, त्याला गटारात लोळवायचा अधिकार यांना दिला कोणी?"

दर्ग्याच्या हौदापाशी बसून हुसेनशा बाबा आपली गोधडी धूत होते.

टाकसाळे मास्तर टेकडीच्या पायऱ्या चढून आले ते हेच बोलत आले होते. हायस्कुलात इतिहास शिकवून नुकतेच निवृत्त झालेले. पण तालुक्यात त्यांची खरी ओळख वेगळी होती. मेजर सारंग नावाच्या हेराचे नऊ पिक्चर त्यांना तोंडपाठ होते. सारंगनं कुठल्या पिक्चरात कितव्या मजल्यावरून उडी मारली, हे विचारायला लातूरहून फोन यायचे. सारंगप्रेमी मंडळाचे ते अध्यक्ष. या विषयात त्यांचा शब्द शेवटचा.

नवव्या पिक्चरनंतर बारा वर्षं गेली आणि आता कोणीतरी तीच गोष्ट पहिल्यापासून धरून नवा पिक्चर काढला होता. नवा नट. दाढी वाढलेली. विनोद नाही, गाणी नाहीत.

"अहो, हात थरथरतो त्याचा," मास्तर म्हणाले. "आमचा सारंग नदीत पडला तरी कोरडा बाहेर यायचा. खिशातून कंगवा काढायचा, भांग पाडायचा, मग पुढचं काम. आणि हा... एका माणसाला मारायला याला चार मिनिटं लागतात. तो माणूस मरतच नाही. पाय झाडत राहतो. हे काय बघायचं असतं?"

बाबांनी गोधडीवर आणखी एक तांब्या ओतला. थेटर त्यांनी जन्मात बाहेरूनच पाहिलं होतं.

"मी जिल्ह्याच्या पेपरात लिहिलं. आजवर कुणाच्या लेखाला आली नसतील इतकी पत्रं आली. सगळे म्हणाले, मास्तर, आमच्या मनातलं बोललात." मास्तर हौदाजवळ सरकले. "रविवारी थेटरासमोर निषेध ठेवलाय. तुमची दुवा पाहिजे."

"कशासाठी?"

"लोकांनी तो पिक्चर बघू नये म्हणून."

"तुम्ही बघितला?"

"इंटरव्हलपर्यंत."

बाबांनी मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही. मग ते उठले, भिजून जड झालेल्या गोधडीचं एक टोक स्वतः धरलं आणि दुसरं मास्तरांपुढे केलं.

"धरा. पिळू."

मास्तरांनी बाह्या सरसावल्या आणि पीळ घातला. गोधडी नुसतीच गोल फिरली. पाणी निघेना.

"मी फिरवतोय त्याच अंगाला फिरवताय तुम्ही," बाबा म्हणाले. "असं पाणी निघत नसतं, मास्तर. उलटं फिरवा."

मास्तरांनी उलटं फिरवलं. गोधडीतून काळं पाणी धो धो पडलं आणि त्यांच्या चपलांपर्यंत आलं. ते मागे सरकले नाहीत. दोन्ही हात गुंतले होते.

"तो कोट," बाबांनी विचारलं, "कोण धुवायचं?"

"कुठला?"

"तुमच्या जुन्या मेजरचा."

मास्तर हसले. "कोणी नाही. तो मळायचाच नाही, बाबा. गंमतच ती आहे."

"आणि नव्याचा?"

"नवा..." मास्तरांचं हसू विरलं. "नवा स्वतःच धुतो. त्या मारामारीनंतर मोरीत जाऊन बसतो. कपड्यांसकट. वर नळ सोडतो आणि शर्टाची बाही चोळत राहतो. डाग जात नाही. तरी चोळतो..."

"मग?"

"मग मी उठलो. इंटरव्हल व्हायचा होता अजून. थोडा आधीच उठलो."

बाबा पिळायचे थांबले. गोधडी दोघांच्या मधे ताणलेली राहिली.

दर्ग्यावरची कबुतरं एकदम उडाली आणि परत बसली.

"आमचे वडील पोलिसात होते," मास्तर म्हणाले. हे ते कुणाला सांगत नसत. "गुप्त शाखेत. कधी हमाल होऊन जायचे, कधी बैरागी होऊन. दोन दोन महिने पत्ता नसायचा. मग एक दिवस दारात उभे. ते आले की आई मागच्या अंगणात धुणं घेऊन बसायची. आणि मला शेजारच्या काकूंबरोबर लगेच पिक्चरला पाठवायची. जा म्हणायची, मेजर सारंग लागलाय, बघून ये. मी म्हणायचो, तो बघितलाय. ती म्हणायची, परत बघ..."

त्यांनी खाली पाहिलं. पाणी आता फरशीच्या फटींतून वाट काढत होतं.

"एकदा काहीतरी विसरलं म्हणून अर्ध्या वाटेतून परत आलो. मागच्या दारानं. आई दगडावर वडिलांच्या शर्टाची बाही घासत होती. मला बघितलं आणि शर्ट पाण्याखाली दाबून धरला. मी पिक्चरला गेलो."

खिशातला फोन वाजला. मंडळातलं कोणी असणार. मास्तरांनी तो वाजू दिला. वाजून वाजून थांबला.

"वडील आहेत?" बाबांनी विचारलं.

"आहेत. चौऱ्याऐंशी झाली. माझ्याकडेच असतात. खिडकीशी बसतात. बोलत नाहीत फारसं."

"तेव्हा बोलायचे?"

"तेव्हाही कमीच. पण थेटरातनं आलो की दार तेच उघडायचे. आंघोळ करून, धुवट कपडे घालून बसलेले असायचे. मला समोर बसवायचे आणि म्हणायचे, हं, सांग बघू, काय काय झालं? मी पहिल्या सीनपासून सांगायचो. हातवारे करून. दीड दीड तास. सारंगनं एका गोळीत दोघे लोळवले की ते हसायचे... घरात हसलेले मी तेवढेच पाहिले."

बाबांनी मास्तरांच्या हातातून गोधडीचं टोक सोडवून घेतलं. ती झटकली आणि हौदाच्या कठड्यावर पसरली. एक सुरकुती राहिली होती ती तळहातानं सपाट केली.

"पोटभर ऐकायचे म्हणजे."

"एक शब्द सोडायचे नाहीत."

"आणि तुम्ही त्यांना कधी विचारलं?"

"काय?"

बाबांनी हात धोतराला पुसले.

"हेच. काय काय झालं."