दारावरचं बटण

“यंत्र चुकत नाही, मास्तर. मग चुकलं कोण?”

जिनदत्त मगदूमनं हे विचारलं तेव्हा त्याच्या पायातल्या चपलाही अजून निघाल्या नव्हत्या. दोन्ही हातांत दोन जड पेट्या, कपाळावर घाम, आणि जिना चढून आलेला दम.

दस्तगीर मास्तर खिडकीशी बसून पान जुळवत होते. त्यांनी सुपारी निवडली, चुना लावला, पान दुमडलं.

“आधी पेट्या खाली ठेव,” ते म्हणाले. “चूक कुठं पळून जात नाही.”

मागोमाग सुप्रभा आली, जिनदत्तची बायको. तिनं मास्तरांना वाकून नमस्कार केला, नवऱ्याकडं पाहिलंही नाही, आणि थेट स्वयंपाकघरात मास्तरांच्या बायकोकडं, खैरूनचाचींकडं निघून गेली.

मास्तरांनी ते पाहिलं.

आता हे मास्तर कोण, ते सांगायला हवं. इचलकरंजीत जन्म गेला, पण मागावर कधी बसले नाहीत. तरुणपणापासून ऑर्केस्ट्रात ड्रम मशीन चालवलं. जत्रा, उरूस, गणपती, जिथं मांडव तिथं मास्तर. जिनदत्त कॉलेजात असताना त्यांच्याकडं वायरी जोडायला शिकायला आला, आणि शिकता शिकता घरचाच झाला. त्याच्या लग्नात लोकांनी भांडी दिली, भिंतीवरची घड्याळं दिली. मास्तरांनी आपलं ड्रम मशीन उचलून दिलं. खैरूनचाची तेव्हा म्हणाल्या होत्या, “मला द्यायला निघाला असतात तरी एवढे रडला नसतात!”

त्या मशीनला जिनदत्तनं पुढं जुना सिक्वेन्सर जोडला. सिक्वेन्सर म्हणजे एका ओळीत सोळा नॉब बसवलेली पेटी. ड्रम मशीनचा ठोका वायरीतून आला की ती एक घर पुढं सरकते, आणि त्या घरात बांधून ठेवलेला सूर सिंथवर, म्हणजे विजेच्या कीबोर्डवर, वाजतो. ठोका, सूर. ठोका, सूर. माणसानं फक्त सुरू करायचं आणि बाजूला व्हायचं.

असली यंत्रं आता कोण वापरतं? जिनदत्त वापरायचा, आणि त्याचा त्याला कोण अभिमान! यंत्रं तो वाजवायचा, सुप्रभा गायची. दोघांचं नाव होऊ लागलं होतं.

आणि मग सांगलीचा कार्यक्रम झाला.

“तिनं गाणं सोडलंय,” जिनदत्त म्हणाला. “रविवारी कोल्हापूरला कार्यक्रम आहे आणि ही म्हणते, मी येणार नाही. कार्यक्रमाचं जाऊ द्या. घरातसुद्धा गुणगुणत नाही. भाकरी थापताना गाणारी बाई, मास्तर! आता नुसत्या भाकऱ्या थापते.”

“सांगलीत काय झालं?”

“तिच्या आईचं गाणं होतं. दारीची जाई. आई जाऊन थोडेच दिवस झाले होते. मीच म्हटलं नको घेऊया, पण तिनं हट्टानं घेतलं. मधल्या ओळीत हिला हुंदका आला आणि ही थांबली. चांगले चार ठोके! मशीन पुढं गेलं. मग ही ओळीच्या मागं पळत सुटली. समोरची दोन-चार माणसं हसली.”

“आणि तू काय म्हणालास?”

जिनदत्त चुळबुळला.

“मी काय म्हणणार? स्टेजवरून उतरल्यावर म्हणालो... तू चुकलीस.”

खिडकीबाहेर माग खडखडत होते. मास्तरांनी पान तोंडात टाकलं.

“मग आज कशाला आलास?”

“मशीनमध्ये बदल करून द्या,” जिनदत्तनं पेटी उघडली. “ठोका थोडा डळमळीत करा. कधी जरा आधी पडेल, कधी जरा मागं. माणसासारखा. तिला मग परकं वाटणार नाही.”

“माणूस डळमळतो म्हणून गोड लागतो व्हय रे?”

“मग कशानं लागतो?”

मास्तरांनी पेट्यांकडं बोट केलं.

“जोड सगळं,” म्हणाले.

जिनदत्तनं जोडलं. ड्रम मशीन, सिक्वेन्सर, सिंथ. त्याचे हात भराभर चालत होते. गुरूसमोर बसून जोडायचं म्हणजे त्यातही थोडी ऐट होतीच. सगळे दिवे लागले. त्यानं सुरू करायला बोट पुढं केलं, एवढ्यात मास्तरांनी हात घातला आणि ड्रम मशीनमधून सिक्वेन्सरला जाणारी वायर उपटून काढली.

“अहो मास्तर!”

“गप बस.”

ते उठले, कपाटावरचा बिस्किटांचा जुना डबा काढला, आणि त्यातून एक बटण बाहेर आलं. पांढरं, पिवळट पडलेलं, दारावरच्या बेलचं बटण. त्याला लांब वायर होती आणि वायरीच्या टोकाला पिन.

“सापडलं का ते?” खैरूनचाची दारातून डोकावल्या. “जिनू, बघून घे बाबा. माझ्या दारावरनं काढलंय यांनी ते. तवापासनं लोक कडी वाजवून वाजवून दार खिळखिळं करायला लागलेत. आणि लवकर आटपा. दिवस मावळायच्या आत तुम्हा जैनांची पानं वाढायची मला. कांदा, बटाटा काही घातलेला नाही, सुप्रभाला विचारून केलंय सगळं.”

त्या आत गेल्या. मास्तरांनी पिन सिक्वेन्सरमध्ये खोचली आणि बटण एकदा दाबलं.

सिंथवर एक सूर वाजला. पुढं काहीच नाही. सिक्वेन्सर पहिल्या घरात उभा राहिला.

“हा तर पोरखेळ झाला,” जिनदत्त म्हणाला. “दर सुराला बटण दाबत बसायचं? मग सिक्वेन्सर कशाला?”

“त्या गाण्याचे सूर बांधलेले आहेत ना यात?”

“आहेत.”

“मग बस की. घाई काय आहे?”

बसले. मास्तर बटण हातात धरून बसले, आणि जिनदत्त त्यांच्या तोंडाकडं बघत बसला. बाहेर माग चालूच. आत सुपात तांदूळ निवडल्याचा आवाज. चाची काहीतरी म्हणाल्या, सुप्रभा हसली. पुन्हा सूप...

आणि मग, अगदी हळू, स्वतःशीच...

“दारीची जाई गं...”

जिनदत्त उठायलाच निघाला. मास्तरांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

आत सूर लागला तसं मास्तरांनी बटण दाबलं. सिंथचा आवाज त्यांनी अगदी लहान ठेवला होता. तिनं सूर लांबवला, मास्तरांचा अंगठा वर राहिला. ती पुढं सरकली, अंगठा खाली आला. भिंतीआड ती तांदूळ निवडत होती आणि भिंतीच्या अलीकडं ते जुनं यंत्र तिच्या मागून चाललं होतं, लहान पोर आईचा पदर धरून चालतं तसं.

पहिली ओळ संपली. मास्तरांनी बटण जिनदत्तपुढं धरलं.

“धर.”

“मी?”

“मग कोण? बायको कोणाची?”

जिनदत्तनं बटण घेतलं. पहिला सूर लवकर पडला. दुसराही. त्याला सवय नव्हती. त्याला ठोके मोजायची सवय होती, आणि इथं मोजायला काही नव्हतंच. मग त्यानं डोळे मिटले. तिचा श्वास आत जाताना ऐकू येतोय, हे त्याच्या ध्यानात आलं. इतकी वर्षं शेजारी उभं राहून त्याला तो कधी ऐकू आला नव्हता. त्या श्वासाच्या मागोमाग त्याचा अंगठा चालू लागला.

“दारीची जाई गं, यंदा उशिरानं...”

सुप्रभा थांबली.

हीच ती जागा. सांगलीची.

सूपही थांबलं.

जिनदत्तच्या अंगठ्याखाली पुढचा सूर तयार होता. नुसतं दाबायचं. इतक्या वर्षांची सवय आतून ढकलत होती. एक ठोका गेला, दोन गेले, दाब की... त्यानं मास्तरांकडं पाहिलं. मास्तर खिडकीबाहेर बघत होते, जणू त्यांचा या घराशी काही संबंधच नाही.

आतून नाक ओढल्याचा आवाज आला. चाचींचा हलका आवाज, “रड बेटा, रड.”

सांगलीत जिनदत्तनं याच जागेचे चार ठोके मोजले होते. आपली बायको आईसाठी रडत होती, आणि आपण मोजत होतो! त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की बटण टाकून आत धावावं असं झालं. पण तो हलला नाही. अंगठा तसाच वर धरून बसला. डोळ्यांतून पाणी आलं ते पुसायलाही हात मोकळा केला नाही.

किती वेळ गेला, कोण जाणे.

“...फुलली,” सुप्रभानं घेतलं.

त्याचा अंगठा खाली आला. सूर तिच्या सुरात मिसळून गेला, आणि ओळ दोघांनी मिळून शेवटाला नेली.

स्वयंपाकघरात पावलं वाजली. सुप्रभा दारात आली, हातात सूप तसंच, पापण्या ओल्या.

“मास्तर, तुम्ही वाजवत होता?”

मास्तरांनी हनुवटीनंच दाखवलं.

तिनं नवऱ्याच्या हातातलं बटण पाहिलं. त्याचं तोंड पाहिलं.

“अहो... तुम्ही थांबलात?”

“सुप्रभा,” जिनदत्त उठून उभा राहिला. “सांगलीत तू नव्हतीस चुकली. मी चुकलो.”

तिनं पदरानं डोळे टिपले, सुपातला एक खडा उचलून खिडकीबाहेर टाकला, आणि आत वळली. वळता वळता म्हणाली,

“रविवारी त्या ओळीला मी कितीही वेळ थांबेन. आत्ताच सांगून ठेवते.”

आतून चाचींचं हसू ऐकू आलं.

जिनदत्तनं एक एक करून दिवे बंद केले. वायरी गुंडाळल्या. ड्रम मशीन मास्तरांसमोर ठेवून तो म्हणाला, “हे इथंच राहू दे, मास्तर. मला आता नको.”

“वेडा आहेस काय? आहेर कोणी परत करतं? नाचायच्या गाण्याला काय माझं डोकं बडवशील? घेऊन जा.”

जिनदत्त ओशाळून हसला. मग त्यानं ते पिवळट बटण उचलून हातात घेतलं.

“आणि हे? हे नेऊ?”

“ने.”

“रविवारी याच्यावरच वाजवीन. तुम्ही शिकवलंत तसं.”

“मी काय शिकवलं?” मास्तर पानाचा डबा शोधत म्हणाले. “ते दारावरचं बटण आहे, जिनू. दाबायचं... आणि आतून कोणी येईपर्यंत बाहेर उभं राहायचं.”