तानूआई विचारते

नदीला घाट बांधला, त्याच्याही फार वर्षांपूर्वी आसरखेड्यात तानूआई नावाची गुरवीण होती. आदिमायेला न्हाऊ घालायचं, शेंदूर लावायचा, हे तिचं काम. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदराने मूर्तीचा नुसता गोळा झाला होता. एका नवरात्रात तानूआई पाणी घालत असताना ते सगळं कवच आपसूक गळून पडलं. आत आई होती, जन्म द्यायला बसलेली, गुडघे उघडून. असं म्हणतात, की देवीच बोलली, "पोरी, मान खाली घालू नकोस. नीट बघ."

तानूआईने पाहिलं. वर तांदळाएवढा दाणा, त्याखाली लघवीचं बारीक छिद्र, त्याखाली बाळाची वाट आणि सर्वांत मागे शौचाची. मग न्हाणीत बसून तिने स्वतःलाही ओळखून घेतलं. अगदी तसंच.

तेव्हा गावाचा समज असा, की लघवीची आणि बाळाची वाट एकच. म्हणून कळा सुरू झाल्या की बाईला लघवीला उठू देत नसत. पाणी गेलं तर मूल कोरडं पडून अडकेल म्हणत.

पाटलांची सून चंद्रभागा अशीच अडली. मूल खाली सरकेना, तिचे डोळे फिरायला लागले. तानूआई अंगारा घेऊन आली. पोटावरून हात फिरवला, तर ओटीपोट तुंबलेल्या लघवीने टम्म फुगलेलं.

"हिला आधी लघवीला बसवा. त्या फुग्यानेच पोराला अडवलंय."

"अगं, पोर अडकेल ना!" सासू ओरडली. "वाट एकच की!"

"एक कशी, पाटलीणबाई? तीन आहेत. तुमच्याही तीनच."

"अगंबाई! माझ्या कधी मोजल्यास?"

"आदिमायेच्या मोजल्या. तुम्हाला काय तिने वेगळं घडवलंय?"

तशाही घटकेला बाया हसल्या. चंद्रभागाही हसली, आणि त्या हसण्यातच लघवीचा बांध फुटला. असं म्हणतात, ते पाणी अंगणातल्या वाळक्या शेवग्यापर्यंत गेलं आणि शेवगा फुलला. पाठोपाठ मुलगी झाली. मायलेकी सुखरूप.

मग सगळ्या बाया देवळात बघायला गेल्या. पाटलीणबाईंनी हळूच विचारलं, "आणि वरचा दाणा गं कशाला?"

"तो सुखाचा. आईने उगाच काही दिलेलं नाही."

आदिमायेला आजही शेंदूर फक्त कपाळाला लावतात. आणि गावात कुणाला कळा लागल्या, की घरातली थोरली बाई देवापुढे दिवा लावते, बाळंतिणीच्या दारात उभी राहते आणि बाहेर पुरुष बसलेले असले तरी खणखणीत आवाजात म्हणते, "तानूआई विचारते, लघवी झाली का?"

आतून "झाली" असं आलं, की ओसरीवरचे पुरुषसुद्धा हात जोडतात.