दोरीवरचा पंचा

“मग जाऊ का मी मठ सोडून?”

सोमगीर महाराज ओसरीवर पावटे सोलत होते. ऐंशी ओलांडलेला म्हातारा. मान काही वर केली नाही.

“कशापायी?”

भवानगीर उभाच. पन्नाशीचा गडी, बावीस वर्षांचा शिष्य, मठातल्या महादेवाचा पुजारी. असल्या माणसाने हे तोंडाने सांगायचं तरी कसं?

“अंग बाहेर येतंय,” तो म्हणाला. “खालचं. शौचाच्या जागेतनं.”

“ठाऊक आहे.”

ठाऊक होतं... आणि याने दोन महिने केवढी लपवालपवी केली. पंगतीला बसायचा नाही, ताट घेऊन गोठ्यामागे जायचा. निजायचा तिथेच. देवाला तर हातच लावत नव्हता. कंबरेखाली पंचा आवळायचा, भिजला की ओढ्यावर धुवायचा आणि पार लांब, कुंपणाच्या निवडुंगावर वाळत टाकायचा. आधी ते आपसूक आत जाई. मग बोटाने ढकलावं लागे. आता नुसता खोकला आला तरी बोटभर लाल मांस खाली. दोन महिन्यांत कुणी त्याच्याशी चार शब्द बोललं नव्हतं. बोलणार कसं, हा जवळ येऊ देईल तेव्हा ना.

“डॉक्टरला दाखवलंस?”

“तालुक्याला गेलो होतो. बाई निघाली.”

“बरं. काय म्हणाली?”

“म्हणाली, जोर करून करून आतली पकड ढिली झाली. औषधाने जागेवर बसायचं नाही. पोटातनं वर ओढून पाठीच्या हाडाला टाके घालावे लागतील.”

“मग घाल म्हणावं.”

“सोबत कोण आहे, असं विचारलं तिने. कागदावर लिहायला.”

“मग?”

“मी उठून आलो.”

महाराजांचा हात शेंगेवर थांबला... मग पुन्हा चालू झाला.

“आणखी काय विचारलं?”

“बाबा, इतकं कुंथता कशाला?”

“तू काय सांगितलंस?”

भवानगीरची मान जरा ताठ झाली. हे सांगायला त्याला अजूनही बरं वाटायचं.

“म्हटलं, आमच्या मठाचा नियम आहे. पोट साफ झाल्याशिवाय गाभाऱ्यात पाऊल नाही. तासभर बसावं लागलं तरी बसतो. बावीस वर्षं एक पूजा चुकवली नाही.”

“रोज होत होतं?”

“होतंय कुठलं... पण करायचो.”

महाराजांनी किडकी शेंग अंगणात भिरकावली.

“मला तीन-तीन दिवस होत नाही.”

“आणि पूजा?”

“करतोच की. दोन महिने कोण करतंय?”



“नियम तर तुम्हीच घालून दिलात, महाराज.”

“पोट हलकं करून ये म्हणालो होतो. त्याच्याशी कुस्ती खेळून ये म्हणालो नव्हतो.”

भवानगीर बोटं मोजल्यासारखा अंगठा पेरांवरून फिरवत राहिला. बावीस वर्षांच्या पहाटा. कुणी मागितल्या होत्या?

महाराज काठी टेकत उठले. कुंपणापर्यंत गेले. निवडुंगावरचा पंचा काट्यांतून सोडवला, झटकला, आणि अंगणातल्या दोरीवर देवाचं सोवळं वाळत होतं त्याला खेटून टाकला.

“महाराज, तो विटाळलेला...”

“सोमवारी निघू. एसटी साडेसातला आहे.”

“निघू? तुम्ही कुठे?”

“त्या बाईच्या कागदावर नाव घालायचंय ना कुणाचं?”

  भवानगीर शेवटी पुजारीच, पुजाऱ्यासारखं बोलला.

“आपण दोघं गेलो तर देव पारोसा राहील, महाराज.”

“राहू दे,” महाराज म्हणाले. “तो काही कुंथत बसायचा नाही.”