गाईच्या वाट्याची मूठ

घरच्यांनी तिचं म्हणणं खरं मानलं नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर शेवटी सगळे म्हणतात, आम्हाला ठाऊकच होतं. कुणाला काही ठाऊक नव्हतं.

तर एका गावात एक गिरणवाली होती. नवरात्राच्या आदल्या दिवशी गावच्या बायका उपवासाचं दळण तिच्याकडेच टाकत. राजगिरा, वरी, साबुदाणा. डबा ठेवायचा नि खुशाल घरी जायचं, राखण करत उभं राहायचं नाही. कारण तिची एक रीत होती. उपवासाचं दळण घालण्याआधी ती दगड पुसायची आणि घरची मूठभर वरी दळून काढायची. दगडाला चिकटलेला गहू त्या वरीबरोबर निघून जाई. ते पीठ गाईला.

एका वर्षी तिला बाजाराला जावं लागलं. गिरण नवऱ्यानं चालवली. ती परतली तोवर डबे घरोघरी गेले होते, आणि गाईचं घमेलं कोरडं होतं.

"गाईचं पीठ कुठाय?"

"अगं, गर्दी किती! गव्हावरच उपवासाचं घातलं. चिमूटभर गहू गेला असेल. कुणाला कळतंय?"

"मला कळलं की!"

सासू म्हणाली, "गप बस बये. सांगितलंस तर उद्या शेजारच्या गावच्या गिरणीवर रांग लागेल."

"सांगितलं तरच गिऱ्हाईक टिकेल, आत्या."

दीर खो खो हसला. "वहिनी, धंदा करताय का कीर्तन?"

तिनं पदर खोचला. घरातली होती नव्हती ती वरी आणि राजगिरा काढला, दगड पुसला, दळलं, आणि पाटी डोक्यावर घेऊन दारोदार निघाली. "मघाचं पीठ परत द्या. गहू मिसळलाय. हे चोख आहे."

पाटलीणबाई कडाडल्या, "एवढ्या वर्षांचा नेम माझा! पहाटे याचीच थालीपिठं थापणार होते मी!"

"म्हणून तर आत्ता आले. बोला काय बोलायचं ते, पण डबा द्या."

घरी नवऱ्यानं विचारलं, "आणि आपण काय खायचं?"

"हेच मिसळीचं. त्यांचा नेम मोडणार होता, आता आपला मोडू दे."

नवरात्र सरलं. गिरणीवर कुणी फिरकेना. नवरा म्हणाला, "झालं समाधान?" तिनं रिकामी गिरण रोज झाडली, पण केल्याचा पस्तावा काही केला नाही.

कार्तिकी एकादशी आली. पाटलीणबाई दळण घेऊन शेजारच्या गावी गेल्या. "दगड पुसलात का हो?"

"पुसला, पुसला," तिथला गिरणवाला मान वर न करता म्हणाला.

बाई थबकल्या. याच्या हातून चूक झालीच, तर हा माझ्या दारी सांगायला येईल? त्यांनी डबा काखेत मारला नि माघारी वळल्या. वाटेत भेटेल तिला म्हणाल्या, "मी आपल्या गिरणवालीकडे चालले. ती चुकली तर निदान कळवते तरी!"

संध्याकाळपर्यंत गिरणीपुढं डबेच डबे. डबा ठेवून बायका निघून गेल्या. पाटलीणबाई तेवढ्या दारात थांबल्या. "एक विचारायचं राहिलं. त्या दिवशी चूक केली कुणी?"

नवऱ्यानं मान खाली घातली. गिरणवाली पुढं झाली. "गिरण कुणाची?"

"तुझी."

"मग विचारता काय?"

तात्पर्य: चूक कुणाच्याही हातून होवो, गिऱ्हाइकाच्या दारी मालकानं आपल्या पायानं जावं, आणि दोषापुढं आपलंच नाव सांगावं. तिनं सांगितलं. तिचं नाव धुरपदा.