वगळलेला आचारी

“...मग या कादंबरीतला खरा पुढारी कोण?” निरंजनबुवांनी विचारलं.

“सेनापती रणधीरराव!” विश्वंभरचं उत्तर तयारच होतं. “वेढ्यात अडकलेल्या तीनशे माणसांना त्यानं डोंगरापार नेलं. त्याचं सात पानी भाषण मला तोंडपाठ आहे. म्हणून दाखवू?”

“नको, नको,” बुवा घाईघाईनं म्हणाले.

नदीपलीकडे मठाची नवी शाखा निघणार होती. उद्या सकाळी सहा शिष्यांना तिकडे जायचं होतं आणि त्यांचा प्रमुख कोण, हे बुवा आज सांगणार होते. विश्वंभरला ते पद हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं. आठ दिवसांपूर्वी बुवांनी ही जुनी कादंबरी मठात वाचायला ठेवली, तेव्हाच ही परीक्षा आहे हे त्यानं ताडलं आणि सगळ्यांच्या आधी ती पटकावली. परत काही दिली नाही.

“आणि भिवा आचारी?”

“कोण भिवा?”

“फौजेचा स्वयंपाक करणारा. तीन प्रकरणं आहेत त्याच्यावर.”

“ती मी सोडली, महाराज. नुसता डाळभात. लेखकाला बहुधा भूक लागली असावी.”

बुवा मोठ्यानं हसले. मग म्हणाले, “भिवा उष्टी ताटं स्वतः उचलायचा. कुणाच्या ताटात घास उरला, ते बघायचा आणि त्याच्याजवळ जाऊन बसायचा. कुणाला ताप असायचा, कुणाला घरची आठवण... शेवटी डोंगर ओलांडायचा दिवस आला. रणधीररावानं भाषण केलं. कुणी जागचं हललं नाही. तेव्हा भिवानं हंडा डोक्यावर घेतला आणि चालू लागला.”

“आणि?”

“तीनशे माणसं उठली.”

“उठणारच! भुकेली माणसं जेवणामागे गेली. त्यात पुढारीपण कसलं?”

“हंडा रिकामा होता. धान्य संपून दोन दिवस झाले होते.”

विश्वंभरनं कादंबरी उघडली आणि सोडलेली प्रकरणं शोधू लागला.

“आज दुपारी आपल्या पंगतीत अर्धी भाकरी कुणी टाकली?” बुवांनी विचारलं.

“लक्ष नव्हतं, महाराज. डोक्यात उद्याचाच विचार होता.”

“तूच टाकलीस.”

तेवढ्यात स्वयंपाकघरातून म्हादबा आला. मठातला सगळ्यांत अबोल शिष्य. पाळी कुणाचीही असो, भांडी हाच घासायचा. कादंबरी त्याच्या हाती लागलीच नव्हती.

त्यानं विश्वंभरपुढे ताटली ठेवली. “दुपारी नीट जेवला नाहीस. पिठलं गरम केलंय. पोटात दुखतंय का रे?”

“नाही...” विश्वंभर अडखळला. “धास्ती वाटतेय. नव्या जागेची.”

आठ दिवसांत हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं.

“मलाही वाटते,” म्हादबा म्हणाला आणि शेजारी टेकला.

विश्वंभरनं भाकरी मोडली. पहिला घास गिळला आणि त्याला हसूच फुटलं. आपण हरलो, आणि तरीही इतकं हलकं कसं वाटतंय, हे त्याला कळेना. दोन मिनिटांत त्यानं ताटली चाटूनपुसून लख्ख केली.

“महाराज, उद्या म्हादबालाच पुढे चालू द्या. मी मागून येतो.”

“ते मी कालच ठरवलंय,” बुवा म्हणाले. “पण म्हादबा जेवला का, हे विचारलंस?”