सिदबा पैलवानाची वाकळ

"बाबा, ही वाकळ तुमच्या मागं कुणाला मिळणार?"

सिदबा पैलवानानं विचारलं, आणि विचारून झाल्यावर त्यालाच वाटलं, जरा लवकर विचारलं. बाबा अजून चांगले धडधाकट होते. समोर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते.

भवरनाथबाबांनी एक शेंग फोडली आणि दाणे सिदबाच्या तळहातावर ठेवले.

"कुठली वाकळ?"

"ही. तुमच्या अंगावरची."

बाबांच्या खांद्यावर ती बारा महिने असायची. वाकळ म्हणजे गोधडीच, पण त्या भागात गोधडी कुणी म्हणत नाही. ठिगळावर ठिगळ, त्यावर आणखी ठिगळ. मूळ कापड कुठलं, हे ब्रह्मदेवाला बोलावलं तरी त्यानं कानावर हात ठेवले असते. गावात जो तो सांगायचा, ही वाकळ सात गुरूंची. जाताना गुरूनं ती शिष्याच्या अंगावर घालायची, आणि ज्याच्या अंगावर वाकळ त्याचीच मठाची गादी.

सिदबा मठात आला होता तो तिच्यासाठीच. आता खोटं कशाला सांगा. मैदानात त्याची पाठ कुणी कधी मातीला लावली नव्हती. पुढं गुडघा गेला, कुस्ती सुटली, पण पहिल्या नंबरावर बसायची सवय काही सुटली नाही. पाणी तोच भरायचा, लाकडं तोच फोडायचा, धुनी तोच राखायचा. दुसऱ्या कुणी हात लावला की त्याच्या कपाळावर आठी.

"वाकळ पायजे तुला?" बाबांनी विचारलं.

"व्हय."

"मग शीव की एक."

"तसं न्हाई बाबा, ही..."

"आधी आपली शीव. मग हिचं बघू."

सिदबाला हसू आलं. वाकळच ना? गावातल्या म्हाताऱ्या सुनांच्या कागाळ्या करत करत वाकळ शिवतात. भले भले गडी ज्यानं डोक्यावरून फेकले, त्याला काय सुई जड जाणार?

"आठ दिसांत आणून दाखवतो," तो म्हणाला.

बाबांनी पुढची शेंग घेतली.

सुई जड गेली.

मुळात दोराच ओवेना. सिदबाची बोटं म्हणजे एकेक केळ. सुई त्यात सापडायचीच नाही, आणि सापडली तर दोऱ्याला फाटे फुटायचे. दोन्ही डोळे बारीक करून तो श्वास रोखून बसला होता, तेवढ्यात हौसाक्का आली. ही गावातली म्हातारी रोज मठात भाकरी पोचवायची. तिच्या हातची वाकळ लेकीबाळींच्या रुखवतात मानानं मांडली जायची. तोंडानं मात्र फटकळ.

"काय पैलवान, दोरा ओवतोयस का सुईवर डाव टाकतोयस?"

"अक्का, गप बस आणि दाखव."

"गप बसून कसं दाखवू, लेका?"

तिनं दाखवलं. जुनेर, म्हणजे जुनी लुगडी-धोतरं, एकावर एक अंथरायचं. कडेनं दगड ठेवून ताणायचं. लांब लांब कच्चे टाके घालून थर धरून ठेवायचे. वर आवडतील ते तुकडे मांडायचे. मग बारीक टाका काठापासून सुरू करायचा, आणि फिरत फिरत मध्यावर यायचं.

"मधनं सुरू केलं तर?" सिदबानं विचारलं. मधनं लवकर होईल, असं त्याच्या मनात होतं.

"कर की. वाकळीला पोट सुटंल तुझ्यासारखं."

जुनेर मात्र त्याच्याजवळ नव्हतं. ते मागायला दारोदार जावं लागलं. ज्या गल्लीतून त्याची हलगी लावून मिरवणूक निघाली होती, त्याच गल्लीत तो आता फाटकी लुगडी मागत फिरला. पहिल्या दोन-चार दारांशी मान वर होईना. कुणी धोतर दिलं, कुणी परकर दिला, न्हाव्यानं पंचा दिला. पुढं पुढं गडी एवढा सुधारला की, "वहिनी, हिरवं न्हाई का एखादं? पिवळं लई झालंय," असं विचारायला लागला. वहिनींनी दार लावून घेतलं.

मग शिवण सुरू झालं. मांडी ठोकून बसायचं, काठ मांडीवर घ्यायचा, आणि जीभ दातात धरून टाका टाका पुढं सरकायचं. एके दिवशी हात भलताच चालला होता. हातभर शिवून झालं तेव्हा सिदबा स्वतःवर खूश होता.

"सिदबा," आतून बाबांची हाक आली, "पाणी आण रे."

सिदबा उठला. वाकळही उठली. दगड गडगडत गेले. वाकळीबरोबर त्यानं स्वतःचं नेसतं धोतरही शिवून टाकलं होतं, तेही चांगल्या घट्ट टाक्यानं.

हौसाक्का तोंडात पदर कोंबून खालीच बसली.

बाबा बाहेर आले. पैलवानाभोवती एक फेरी मारली. टाका नीट बघितला.

"लई जीव जडला वाटतं हिचा तुझ्यावर," ते म्हणाले, आणि पाणी स्वतःच आणायला गेले.

सिदबानं रागारागानं उसवायला घेतलं. मनात आलं, द्यावी फेकून धुनीत. हे बायकांचं काम, आपल्या बाचं न्हाई. उसवत उसवत तो काठापाशी आला आणि थांबला. तिथं एक ओळ होती. बाकी सगळं शेळीच्या वाटेसारखं वाकडं, पण ती एक ओळ, वीतभरच असेल, सरळ गेली होती. टाका टाक्याएवढा.

त्यानं तिच्यावरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

ही आपण शिवली?

त्या ओळीनं गडी वेडा झाला. आठ दिवस कधीच सरले, सुगी आली, सुगी गेली. कुणी पाणी भरलं, लाकडं कुणी फोडली, त्याला पत्ता नसायचा. मठात दर्शनाला आलेल्या माणसाला तो हाताला धरून वाकळीशी न्यायचा. "हे बघा, हितनं कसं वळवलंय." माणूस बिचारा नारळ हातात घेऊन उभा. आणि नवशिक्याचा उत्साह कुठवर जातो बघा, एक दिवस तो हौसाक्कालाच म्हणाला, "अक्का, तुझा दोरा जरा ढिला पडतोय."

"अंड्यातनं बाहेर आला न्हाई आणि मला शिकवतोय," अक्का म्हणाली. पण दोरा तिनं ओढून घेतला.

फिरत फिरत सिदबा मध्यावर आला. मध्यावर एक तुकडा कमी पडला. त्याच्या मनात तिथं लालच हवा होता, दुसरा रंग चालेना. गावात लाल मिळेना.

लाल कापड त्याच्या पेटीत होतं. मोठं मैदान मारलं त्या दिवशी डोक्याला बांधलेला मानाचा फेटा. आजवर कुणाला हात लावू दिला नव्हता. त्याला स्वतःलाच कधी तो पुन्हा बांधायचा धीर झाला नव्हता.

फेटा काढून तो बराच वेळ मांडीवर घेऊन बसला.

"कुणी सांगितलंय का कापायला?" अक्कानं हळूच विचारलं.

"न्हाई."

"मग?"

"हितं लालच शोभंल, अक्का."

कात्री चालली तेव्हा त्याला गलबलून आलं. पण तुकडा मध्यावर मांडला, आणि तो थोडं मागं सरून बघायला लागला. शोभत होता. खरंच शोभत होता.

काठाचा एक कोपरा अक्कानं पहिल्यापासून उघडा ठेवायला लावला होता, तेवढा शेवटी राहिला. तो बंद करण्याआधी अक्कानं हात धरला. तिच्याकडची रीत होती. शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा घास ठेवायचा आणि मगच टाका घालायचा. वाकळीचं पोट भरलेलं असलं की पांघरणाराचंही भरलेलं राहतं.

सिदबानं अर्धी भाकरी कोंबली.

"अरं, ती काय कुस्तीला चाललीय?" अक्का ओरडली. "मुंग्या लागतील. नखाएवढा ठेव."

नखाएवढा घास आत गेला. सिदबानं शेवटचा टाका घातला, गाठ मारली, दोरा दातानं तोडला.

झाली.

मैदान मारल्यावर हजारो माणसं ओरडायची, पागोटी उडायची. इथं ओरडायला कुणी नव्हतं. अक्का भाकरीची दुरडी घेऊन निघून गेली होती. तरी सिदबाला असा आनंद झाला की तो कुठं ठेवावा तेच कळेना. कुस्तीत कुणीतरी पडायचं, तेव्हा हा जिंकायचा. आज कुणीही पडलं नव्हतं आणि तरी तो जिंकला होता. भर दुपारी, उन्हाच्या काहिलीत, त्यानं ती वाकळ डोक्यावरून पांघरली आणि आडवा झाला. घामाच्या धारा लागल्या. पैलवान आत हसत होता.

मग घडी घालून तो बाबांपुढं गेला.

बाबा आसनावर बसले होते. त्यांनी वाकळ उलगडली. सुलट बघितली, उलट बघितली. मधल्या लाल तुकड्यावर त्यांचा हात थोडा थांबला.

"झाली?"

"झाली, बाबा."

"पुरी?"

"पुरी."

बाबांनी सिदबाची वाकळ त्याच्या हातात परत दिली. मग स्वतःच्या खांद्यावरची उतरवली. मठात इतकी वर्षं काढून सिदबानं बाबांचे उघडे खांदे पहिल्यांदाच पाहिले. बारीक होते.

"घे," बाबा म्हणाले आणि आपली वाकळ पुढं धरली.

ज्या क्षणासाठी सिदबानं एवढी लाकडं फोडली, तो हा.

"आणि ती मला दे."

"कुठली?"

"तुझी. ही तुला, ती मला."

सिदबानं हात पुढं केला. एका हातानं बाबांची वाकळ घ्यायची, दुसऱ्यानं आपली द्यायची. सोपं होतं. आणि काय करायला पाहिजे तेही त्याला चांगलं ठाऊक होतं. बाबा मोह बघतायत. खरा शिष्य पटकन देऊन मोकळा होईल. दे की लेका, तो स्वतःला म्हणाला, चार चिंध्या तर आहेत.

बोटं सुटेनात.

"न्हाई, बाबा."

"काय न्हाई?"

"ही न्हाई देत."

"का?"

"ही मी शिवलीय."

बाबांनी त्याच्याकडं रोखून बघितलं.

"वाकडी हाय तुझी."

"हाय."

"एकीकडं जाड, एकीकडं पातळ."

"पातळ बाजू पायाकडं घीन."

"ही घेतली न्हाईस तर गादी गेली."

बाहेर कुणाच्या तरी म्हशी ओरडत चालल्या होत्या. सिदबानं त्या जाऊ दिल्या. त्याला मनापासून वाईट वाटत होतं. गादी त्याला हवी होती, आजही हवी होती. पण हातातली वाकळ त्यानं छातीशी धरली.

"जाऊ द्या, बाबा."

तो वाकला, पायांवर डोकं ठेवलं, वाकळ काखोटीला मारली आणि दाराकडं वळला.

"कुठं निघालास?"

"घरला. तुम्ही पारखून बघितलं, मी उतरलो न्हाई. एवढ्या चिंध्यांचा मोह सुटला न्हाई मला, तर गादीवर बसून दुसऱ्याला काय सांगू?"

बाबा गादीच्या आसनावर थोडे सरकले. रिकामी झालेली जागा त्यांनी हातानं झटकली.

"हितं बस."

सिदबा उभाच राहिला.

"माझ्या गुरूनं पण अशीच त्यांची पुढं धरली होती," बाबा म्हणाले. "मी न्हाई घेतली. त्यांच्याबरोबरच समाधीत ठेवली ती."

सिदबा बाबांच्या हातातल्या वाकळीकडं बघत राहिला.

"आणि ही... सात गुरूंची?"

"लोक म्हणत्यात. मी कधी म्हटलं?"

"मग ही कुणाची, बाबा?"

बाबांनी ती वाकळ पुन्हा खांद्यावर ओढून घेतली, नीट गुरफटून.

"लई आखूड झाली रे शिवताना. पाय उघडं पडत्यात. पण झोप हिच्यातच लागती."